आजचं चिंतन : धर्मराज रथात का चढला नाही



आजचं वाचन महाभारताच्या सतराव्या पर्वातलं, महाप्रस्थानिक पर्व. तीनच अध्याय आहेत, एका बसण्यात वाचून होतात.

पाच पांडव आणि द्रौपदी सगळं सोडून हिमालयाकडे निघतात. हस्तिनापुरातून एक कुत्रा त्यांच्यामागे चालू लागतो. वाटेत द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम एकेक करून कोसळतात. धर्मराज मागे वळून बघत नाही. उरतो तो आणि कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, चल, पण कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. धर्मराज चढायला नकार देतो.

तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हा शेवट सगळ्यांना माहीत असतो. त्याआधीचा इंद्राचा प्रश्न मात्र आपल्या वाचनातून निसटतो. भाऊ सोडलेस, द्रौपदी सोडलीस, मग या कुत्र्यातच एवढा का अडकलास? धर्मराजाच्या उत्तराचा आशय असा : ते गेले होते, त्यांना परत उठवणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. आणि आपल्या आसऱ्याला आलेल्या भक्ताला सोडणं त्याने मित्रद्रोहासारख्या महापापांच्या रांगेत बसवलं.

इंद्राचा हा प्रश्न आमच्या घरातही आला. आमची राणी चौदा वर्षांची. बाबांनी चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवरून पिल्लू असताना आणलेली. गेल्या महिन्यात एका रात्री ती अचानक कोसळली. मान एका बाजूला वाकडी, डोळ्यांची बुबुळं सारखी इकडून तिकडे हलत होती, उभं राहता येईना, उलट्या सुरू. आम्हाला वाटलं, लकवा मारला. आई डोळे पुसत म्हणाली, "अरे, वय झालंय तिचं. आता देवावर सोड. हा मोह आहे."

आईचं म्हणणं खोटं ठरवता येत नव्हतं. वैराग्य शिकवणारी पोथी रोज वाचायची आणि म्हाताऱ्या कुत्रीसाठी रात्री दीड वाजता मोशीहून पिंपरीकडे गाडी पळवायची, हे कसं जुळतं?

डॉक्टरांनी कान तपासले, बीपी आणि साखर पाहिली. म्हणाले, हा बहुधा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड आहे. कानाच्या आतल्या भागात ही यंत्रणा असते. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये ती कधी कधी एकदम बिघडते आणि पुष्कळदा कारणही सापडत नाही. दिसायला भयंकर, पण बऱ्याच जणांना दोन-तीन दिवसांत उतार पडू लागतो आणि काही आठवड्यांत ते चालू लागतात. मान थोडी वाकडी राहू शकते. मग सलाईन, उलटीचं इंजेक्शन, घरी घसरणार नाही अशी चटई आणि हाताने भरवणं. राणी चौथ्या दिवशी भिंतीच्या आधाराने उभी राहिली.

ती उठली नसती तरी मुद्दा तोच राहिला असता. 'देवावर सोडणं' ही पुढची पायरी आहे. आधी आपल्या हातात काय आहे ते तपासायला हवं. न तपासता सोडणं याला वैराग्य म्हणता येत नाही. मोह म्हणतो, "जाऊ नकोस." धर्म म्हणतो, "तू आहेस तोवर मी इथे आहे." म्हणूनच, वेदना थांबणारच नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावर शांत निरोप देणं आणि त्या क्षणी जवळ बसणं हा भक्तत्याग नाही, असं मला वाटतं. पैसे संपणं हाही भक्तत्याग नाही. पाठ फिरवणं हा आहे.

आपल्या पिंपरीत टेल्को म्हटलं की रतन टाटा आठवतात. फेब्रुवारी 2018 मध्ये लंडनला बकिंगहॅम पॅलेसमध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स त्यांना जीवनगौरव पुरस्कार देणार होते. सुहेल सेठ यांनी सांगितलेली आठवण अशी की टँगो आणि टिटो या कुत्र्यांपैकी एक खूप आजारी पडला म्हणून टाटा गेलेच नाहीत. त्यांच्याकडे कुत्रा सांभाळायला माणसं नव्हती का? होती. पण सोबत दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. पुढे 2024 मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांसाठी चोवीस तास चालणारं रुग्णालय सुरू झालं. एका कुत्र्यावरची माया तिथे अनेकांच्या उपयोगी पडते आहे.

गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक काढून बघा. समदृष्टीच्या यादीत विद्वान ब्राह्मण, गाय आणि हत्तीबरोबर कुत्राही आहे.

आजची साधना छोटी आहे. घरी किंवा सोसायटीत म्हातारा कुत्रा असेल, तर रात्री उघडा असणारा जवळचा प्राण्यांचा दवाखाना शोधून नंबर आजच फोनमध्ये ठेवा. हिरड्या पांढऱ्या पडणं, पोट फुगून कोरड्या उलट्या येणं, लघवी अडणं, धाप लागणं किंवा पाच मिनिटांहून जास्त चाललेली फिट, यात सकाळची वाट पाहायची नाही. माणसांची वेदनाशामक गोळी स्वतःहून द्यायची नाही.

बाकी निकाल त्याच्या हातात.

रामकृष्ण हरी.