हवेचा लगाम

नाशिक शहरातून पश्चिमेकडे निघालेला गंगापूर रोड आनंदवल्ली व सोमेश्वर मागे टाकून गंगापूर धरणाच्या परिसरात पोहोचतो. गोदावरीवरील हे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. धरणाचा विस्तीर्ण जलाशय आणि आसपासचे द्राक्षांचे मळे पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येथे येतात. त्यांतील काही जण तर आपले घरच बरोबर घेऊन येतात! निजण्याची सोय, लहानसे स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी असलेल्या अशा गाडीला मोटारहोम किंवा कॅरव्हॅन म्हणतात. अशा प्रवासाला उत्तेजन मिळावे म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र धोरणही आखले.

एके दिवशी पहाटे असेच एक चालते घर या रस्त्याच्या कडेला, सपाट जागी उभे होते. बसच्या सांगाड्यावर बांधलेली ती मोठी गाडी पावसाळाभर एका जागी उभी होती. आज तिला कसारा घाट उतरून मुंबईला जायचे होते. सामान भरून झाले, मंडळी आत बसली. पण चालक काही गाडी हलवीना. घरातील बारा वर्षांची मुलगी अखेर खाली उतरली.

"काका, गाडी चालू का करीत नाही?" तिने विचारले.

"बाळ, गाडी चालते हे मला ठाऊक आहे," चालक म्हणाला. "ती थांबते की नाही, हे आधी पाहू या."

सायकलचा ब्रेक आपण हाताने दाबतो. लहान मोटारीत पायाचे बळ तेलाच्या द्वारे चाकांपर्यंत पोहोचते. परंतु बस, मालमोटार किंवा मोठे चालते घर यांचे वजन फार असते. केवळ दोनशे लिटर पाणी भरले, तरी दोनशे किलोग्रॅमांची भर पडते. एवढे ओझे आवरण्यासाठी अशा गाड्यांत दाबलेल्या हवेचे साहाय्य घेतात.

इंजिनच्या बळावर चालणारा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून घेतो आणि ती दाबून पोलादी टाक्यांत भरतो. गंगापूरचे धरण पावसाळ्यात पाणी साठवते व पुढे गरजेप्रमाणे सोडते. या टाक्या हवेचा साठा तशाच रीतीने सांभाळतात. टाकी पूर्ण भरली, म्हणजे तिच्यातील हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटीमीटरला साधारणपणे सात ते आठ किलोग्रॅमांनी अधिक असतो. चालकाने ब्रेकचे पेडल दाबताच एक झडप उघडते. हवा नळ्यांतून धावत जाऊन प्रत्येक चाकाजवळील डब्यात शिरते. तेथील रबरी पडदा पुढे सरकतो व एका दांड्याला ढकलतो. त्या दांड्यामुळे ब्रेकचे जोडे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर आतून घट्ट दाबले जातात आणि घर्षणाने चाक मंदावते. पेडल सोडले, की वापरलेली हवा 'फुस्स' करीत बाहेर पडते. थांब्यावर एस. टी. थांबली असता ऐकू येणारा आवाज हाच होय.

"पण सगळी हवाच निघून गेली, तर?" मुलीने शंका काढली.

हीच शंका दीडशे वर्षांपूर्वी एका तरुणालाही सोडवावी लागली होती. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ मध्ये आगगाडीसाठी हवेचा ब्रेक शोधून काढला. तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. त्याच्या पहिल्या रचनेत इंजिनाकडून नळीतून हवा सोडली, की डब्यांचे ब्रेक लागत. पण मध्येच नळी तुटली, तर ब्रेक निकामी होत. संकटाच्या वेळी साथ सोडणारे साधन काय कामाचे? वेस्टिंगहाउसने पुन्हा विचार केला आणि १८७२ मध्ये सारी रचना उलटी केली. प्रत्येक डब्याला त्याने हवेची स्वतंत्र टाकी दिली आणि सबंध नळी सदैव हवेने भरलेली ठेवली. नळीतील दाब कमी झाला, की ब्रेक लागावा, अशी योजना केली. आता नळी तुटली, तर गाडी आपोआप थांबू लागली!

मोठ्या मोटारगाड्यांत हेच तत्त्व निराळ्या रीतीने योजलेले असते. तेथे मागील चाकांच्या ब्रेकमध्ये बळकट स्प्रिंग असते. हवेचा दाब तिला आवरून धरतो. हवा फार कमी झाली, की स्प्रिंग मोकळी होते आणि ब्रेक लावते. गाडी उभी करून ठेवतानाही हीच स्प्रिंग उपयोगी पडते.

चालकाने आता एकेक परीक्षा घेण्यास आरंभ केला. प्रथम त्याने चाकांना पुढून व मागून लाकडी उटी लावली. मग टाक्यांच्या तळाच्या झडपा उघडल्या. हवेतील बाष्प टाकीत साचते. त्या पाण्याने टाकी व झडपा गंजतात. पावसाळाभर उभ्या असलेल्या त्या गाडीतून गढूळ पाणी निघालेले पाहून मुलगी चकित झाली. झडपा बंद करून त्याने इंजिन सुरू केले. दाबमापकाचा काटा हळूहळू चढत आठावर आला.

त्याने इंजिन बंद केले, उभ्या गाडीचा ब्रेक सैल केला आणि घड्याळाकडे पाहत एक मिनिट थांबला. काटा जवळजवळ स्थिर होता. नंतर त्याने पेडल दाबून धरले. हवा डब्यांत गेल्यामुळे काटा प्रथम थोडा उतरला. हे साहजिक होते. पण पुढे तो स्थिर राहावा, तसा राहिला नाही. तो सावकाश खालीच येत होता.

"काका, मागच्या चाकापाशी कोणीतरी कुजबुजते आहे!" मुलगी ओरडली.

आवाज अगदी बारीक होता. चालकाने उभ्या गाडीचा ब्रेक पुन्हा लावला आणि खाली येऊन पाहिले. पेडल दाबून धरण्याचे काम आता मुलीच्या वडिलांनी केले. चालकाने नळीवर साबणाचे पाणी लावताच एका ठिकाणी बुडबुडे उठू लागले. रबरी नळीला बारीक चीर पडली होती.

"एवढीशी तर हवा जाते आहे. मुंबईला पोहोचल्यावर बदलू," वडील म्हणाले. "आणि हवा संपली, तरी स्प्रिंग आहेच ना?"

"आहे, साहेब," चालक उत्तरला. "पण घाटाच्या वळणावर ती एकाएकी लागली, तर मागून येणाऱ्या गाडीने काय करावे? स्प्रिंग संकटासाठी आहे. आपल्या आळसासाठी नाही."

मिस्त्री येऊन नळी बदलीपर्यंत दोन तास गेले. त्यानंतर चालकाने सर्व परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी काटा जागचा हलला नाही. इंजिन बंद ठेवून त्याने पेडल अनेकदा दाबले. दाब चार-पाचाच्या आसपास येताच इशाऱ्याचा दिवा लागला व घंटी वाजली. तो आणखी उतरल्यावर स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागला. हवा पुन्हा पूर्ण भरून त्याने उटी काढली. गाडी चार पावले चालवून ब्रेक दाबला. गाडी एका बाजूला न ओढता सरळ थांबली. मगच प्रवासाला प्रारंभ झाला.

इगतपुरीच्या पुढे कसारा घाटाचा उतार लागतो. येथील लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. त्याचा चढ सदतीस मीटरांमागे एक मीटर आहे. त्या काळी हवेचा ब्रेक जन्मालाही आला नव्हता! सडकेचा घाट उतरण्यापूर्वीच चालकाने गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवला, तर ड्रम तापून त्यांची पकड ढिली होते. पेडल उगाच पुन्हापुन्हा दाबले, तर हवेचा साठा घटतो. म्हणून इंजिनाच्या रोधाने वेग आवरावा व जरूर तेव्हाच ब्रेक नीट दाबून सोडावा. चालक तसेच करीत होता. मुलीचे लक्ष आज दरीकडे नव्हते. ती दाबमापकाचा काटा पाहत होती. तो सात-आठाच्या दरम्यान होता. घाट संपला, तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मगच खिडकीबाहेर पाहिले.

शब्दार्थ
उटी – चाक घसरू नये म्हणून त्याला लावायचा ठोकळा
दाबमापक – हवेचा दाब दाखवणारे साधन
रोध – अडथळा

स्वाध्याय
१. वेस्टिंगहाउसच्या पहिल्या रचनेत कोणता दोष होता? तो त्याने कसा दूर केला?
२. टाकीत पाणी कोठून आले? ते काढून का टाकावे लागते?
३. 'स्प्रिंग संकटासाठी आहे. आपल्या आळसासाठी नाही.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या सायकलचे ब्रेक तपासा. काय काय पाहिले, ते क्रमाने पाच-सहा वाक्यांत लिहा.