एमबीबीएसच्या आधीचे मोकळे दिवस

प्रश्न : मुलीला एमबीबीएसला प्रवेश मिळाला आहे. कॉलेज सुरू व्हायला महिना आहे. आतापासूनच अ‍ॅनाटॉमीची पुस्तकं आणावीत का?
– एक पालक, पाथर्डी

उत्तर : पुस्तकं राहू द्या, ती पुढे पुरून उरतील. आत्ता तिला ऐकायला शिकू द्या. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तो उभा राहिला गावातल्या बायकांच्या बळावर. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कोणत्या घरी काय शिजतं, पाणी कुठून येतं, सून दुखणं का लपवते, हे त्यांना ठाऊक होतं. तुमच्या गावच्या आशाताई आणि घरची माणसं राजी असतील, तर मुलीला चार घरी त्यांच्यासोबत जाऊ द्या. सल्ला द्यायचा नाही, नुसतं ऐकायचं. एमबीबीएसमध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रमासाठी गावात जावंच लागतं, तिथे हे उपयोगी पडेल.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देण्याचं तंत्र, मात्र प्रशिक्षकाकडूनच शिकावं. मोठ्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब द्यायचा असतो. व्हिडिओ पाहून हाताला तो जोर कळत नाही.

मराठी माध्यमातून आली असेल, तर रोज इंग्रजीचं एखादं पान मोठ्यानं वाचावं. पण आजार सोप्या मराठीत समजावून सांगण्याचा सरावही हवाच, पेशंट मराठीतच बोलणार आहेत. वरण-भात, कपडे, बँकेचे व्यवहार तिचे तिला जमू द्या. आणि नीटच्या तयारीत बुडालेली झोप आधी भरून काढू द्या.