अनुबोधपटातील ‘मी’ : आनंद पटवर्धन

अनुबोधपट हा वास्तवाचा तटस्थ आलेख असतो, ही समजूत आनंद पटवर्धन (जन्म १९५०) यांच्या चित्रपटांपुढे टिकत नाही. मुंबईतील झोपडपट्ट्यांच्या पाडकामावरील ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये एक स्त्री कॅमेऱ्यामागील माणसालाच, गरिबांची चित्रे घेऊन नाव कमावणारा म्हणून, जाब विचारते. पटवर्धनांनी हा प्रसंग संकलनात वगळला नाही. स्वतःवरील आरोप कृतीत राहू देणे, हे त्यांच्या ‘मी’चे पहिले लक्षण होय.

त्याच चित्रपटात शाहीर विलास घोगरे गायले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. ४ दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. पुढील १४ वर्षांच्या चित्रणातून ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) साकारला. त्यात आंबेडकरी शाहिरी केवळ पार्श्वसंगीत उरत नाही; निवेदनाचा भार तीच वाहते.

‘वसुधैव कुटुंबकम्’ (२०२३) मध्ये कॅमेरा स्वतःच्या आईवडिलांकडे वळला. तथापि ही व्यक्तिनिष्ठा आत्मप्रदर्शनात नव्हे, तर चित्रित माणसांशी दीर्घकाळ राखलेल्या नात्यात आहे. त्या स्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर, मिळालेच असेल तर, तेथेच शोधावे लागते.