स्लीपला टाकलेलं मशीन उठत नाही तेव्हा

१. झोपलेला कम्प्युटर बंद नसतो. एवढी गोष्ट मनात पक्की बसली आणि या दुखण्याकडे बघण्याची माझी नजरच बदलली. डीटीपीवाल्यांची आणि छोट्या ऑफिसांची मशिनं सांभाळताना मी सर्वांत जास्त ऐकलेली तक्रार हीच: ‘स्लीपला टाकलं होतं, परत उठलंच नाही.’ जुन्या धाटणीच्या झोपेत, म्हणजे एस-थ्रीमध्ये, प्रोसेसर, डिस्क, पंखा सगळं थांबतं. वीज मिळत राहते ती मुख्यतः रॅमला, कारण तुमचं अर्धवट लावलेलं पान तिथेच असतं. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवतात, मग प्लग काढला तरी चालतं. नव्या लॅपटॉपांत बहुधा मॉडर्न स्टँडबाय असतो, आणि त्यात मशीन पडदा मिटून मंद गतीने जागंच राहतं. तिन्हींची दुखणी वेगळी आणि उपायही वेगळे. म्हणून मी आधी कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून स्लॅश आणि ‘ए’ असं टाइप करतो. समोरचं मशीन कोणकोणती झोप घेऊ शकतं, ते तिथे स्पष्ट लिहून येतं.

२. काळा पडदा म्हणजे मशीन गेलं, असं नव्हे. माणूस घाबरून पॉवरचं बटण दाबून धरतो आणि वाचू शकलं असतं ते कामही त्यात जातं. मी आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबतो आणि त्याच्या दिव्याकडे बघतो. दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला, तर आत जीव आहे, फक्त डिस्प्ले येत नाहीये. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. बीप वाजतो, आणि पुष्कळदा पान जिथे सोडलं होतं तिथेच समोर येतं. दिवाळी अंकाच्या धावपळीत, प्रुफं उद्या जायची असताना, एका ऑपरेटरताईंचं पान असं परत आलेलं मी पाहिलंय. त्यांनी आधी फाइल सेव्ह केली, आणि मगच त्या माझ्याशी बोलल्या. दिवा हललाच नाही, तर मात्र बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर नाही.

३. मशीन एकटं उठत नाही, त्याचा सगळा गोतावळा उठावा लागतो. ग्राफिक्स कार्ड, वायफाय, यूएसबीला लावलेली प्रत्येक वस्तू यांना विंडोज ‘जागे व्हा’ असा निरोप देतं आणि होकाराची वाट बघतं. पंगतीत एका पानावर भात वाढायचा राहिला की सगळे हात आखडून बसतात, तसं एका ड्रायव्हरने उत्तर दिलं नाही की सगळं खोळंबतं. वाट बघून बघून शेवटी निळा पडदा येतो आणि त्यावर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असं लिहिलेलं असतं. झोपण्या-उठण्याचे हे नियम ठरवणारं एसीपीआय नावाचं मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली आणलं. नियम आहेत, पण ते पाळायचे प्रत्येक ड्रायव्हरने, आणि ड्रायव्हर लिहिणारे हात हजारो. मी आधी बाहेरचं सगळं काढतो: डॉक, हब, बॅकअपची डिस्क, पेन टॅब्लेट. मग एकेक लावून मशीन झोपवतो आणि उठवतो. कंटाळवाणं काम आहे, पण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

४. क्रॅशनंतर उरणारी साक्ष फार तोकडी असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की लोकांना वाटतं, कारण सापडलं. ती नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. तिच्या आधीच्या चार ओळी वाचाव्यात, विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप पडलाय का ते बघावं. लिनक्स लिहिणाऱ्यांनी या तोकडेपणावर काढलेल्या तोडग्याचं मला फार कौतुक वाटतं. मशीन उठताना अडकलं तर रॅममधलं सगळं जातं, पण घड्याळाची चिप टिकते. म्हणून ‘पीएम ट्रेस’ ही सोय कुठवर पोचलो याची खूण त्या चिपमध्ये लिहून ठेवते. त्यापायी मशीनची तारीख भलतीच दिसू लागते, पण अडवणारा कोण याचा माग लागतो.

५. पुष्कळदा दोष भिंतीवर असतो. संध्याकाळी ऑफिस बंद करताना मेन स्विच पाडायची आपल्याकडे सवय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण एस-थ्रीमध्ये झोपलेल्या डेस्कटॉपची वीज गेली की रॅम रिकामी होते. सकाळी मशीन नव्याने सुरू होतं, वर तीच ४१ ची नोंद, आणि बोल विंडोजला लागतो. तिथे हायबरनेट लावून द्यावं, किंवा झोपतानाच एक प्रत डिस्कवर लिहिणारी हायब्रिड स्लीप चालू करावी.

६. रोज शटडाउन करणाऱ्याचं मशीनही ताजं सुरू होत असेलच असं नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप आहे. त्यात शटडाउन करताना विंडोजचा गाभा हायबरनेट होतो आणि दुसऱ्या दिवशी तोच उठवला जातो. टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम बघा, रोज बंद होणारं मशीन कित्येक दिवस चालू असल्याचं दिसेल. अडून बसलेला ड्रायव्हरही तसाच पुढे येतो. खरी नवी सुरुवात रीस्टार्टने होते.

७. हार्डवेअरचा संशय मी शेवटी घेतो, पण घेतो. झोपलेल्या डेस्कटॉपला एसएमपीएसमधून जांभळ्या वायरने पाच व्होल्ट येत असतात. जुन्या एसएमपीएसचे कपॅसिटर फुगले की दिवसभर धड चालणारं मशीनही झोपेतून उठताना मान टाकतं. वेग वाढवून चालवलेली रॅमही इथेच दगा देते, बायोसमध्ये तिचा मूळ वेग लावून बघावा.

८. एकदा काम गेलं की माणसाचा मशीनवरचा भरवसा जातो, याचं मला जास्त वाईट वाटतं. मग लोक ते रात्रंदिवस चालू ठेवतात, नाहीतर दुकानात नेऊन फॉरमॅट मारून घेतात. फॉरमॅटमध्ये फॉन्ट जातात, जुन्या सॉफ्टवेअरची लायसन्सं जातात, आणि नंतर तोच ड्रायव्हर परत बसला तर दुखणं पुन्हा हजर. तुमच्या मशीनला हा त्रास असेल तर दुकानात नेण्याआधी वहीत लिहून ठेवा: कोणत्या वेळी अडकलं, त्या वेळी काय काय जोडलेलं होतं, त्याआधी कोणतं अपडेट आलं. दुरुस्ती करणाऱ्याला ती वही दाखवा. आणि कारण सापडेपर्यंत, झाकण मिटण्याआधी, न चुकता कंट्रोल-एस दाबा.