दुसऱ्या जोडीचा प्रश्न : लेझरसाठी नॅनोस्फटिक घडवताना

अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे स्फटिक द्रावणात वाढवायचे आणि त्यांच्याकडून लेझर मिळवायचा, हे माझं काम. २०२३ मध्ये बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि या स्फटिकांचं क्वांटम डॉट हे नाव घरोघरी पोचलं. टीव्हीच्या पडद्यात हे कण केव्हाच स्थिरावले; लेझरची वाट मात्र खडतर आहे. लॅबमध्ये नवी मुलं आली की त्यांना जे सांगते, तेच इथे मांडते.

१. दिव्याखालच्या लखलखाटावर भाळू नका.
अतिनील टॉर्चखाली बाटली लालभडक उजळली की सगळे हरखतात. पण ती चमक डॉटमध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा, म्हणजे होल, यांची एकच जोडी असतानाची. कॅडमियम सेलेनाइडमध्ये प्रकाश देणाऱ्या पातळीवर दोन इलेक्ट्रॉन मावतात. त्यातला एकच वर गेला, तर तो जेवढा प्रकाश वाढवील तेवढाच खाली उरलेला दुसरा शोषून घेतो. पदरात काहीच पडत नाही. म्हणून डॉटमागे सरासरी एकाहून अधिक जोड्या लागतात. खरा प्रश्न दुसरी जोडी आत आल्यावर काय होतं, हाच.

२. ऊर्जा कुठे गळते ते आधी शोधा.
इवल्याशा जागेत दोन जोड्या आल्या की एक जोडी विझताना आपली ऊर्जा प्रकाशाला न देता शेजारच्या इलेक्ट्रॉनला किंवा होलला देऊन टाकते. हा ऑजे परिणाम. लहान डॉटमध्ये तो काही दहा ते काहीशे पिकोसेकंदांत उरकतो. प्रकाश बाहेर पडायला मात्र वीसेक नॅनोसेकंद लागतात. २००० साली लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या क्लिमोव्ह यांनी बावेंडींच्या गटासोबत या डॉटमधून प्रकाशवर्धन दाखवलं, ते अतिशय लहान लेझर-स्पंद वापरून आणि डॉट दाटीवाटीने बसवून. दाटी हवीच, कारण ऑजेने घात करण्याआधी प्रकाश वाढला पाहिजे.

३. गाभा एका दमात, कवच सबुरीने.
कॅडमियम ऑक्साइडची तपकिरी पूड ओलेइक आम्लात तापवली की विरघळते आणि द्रावण पाण्यासारखं नितळ होतं. त्यात सेलेनियमचं द्रावण सिरिंजने एका झटक्यात सोडायचं. पिवळा, केशरी, लाल असे रंग डोळ्यांदेखत पालटतात. सगळे गाभे एकाच वेळी जन्मले तरच ते एका मापाचे होतात. माप विस्कटलं की प्रत्येक डॉट वेगळ्या रंगात बोलतो आणि वर्धन विखुरतं. गाभ्यावर चढवायच्या कॅडमियम सल्फाइडच्या कवचाचं उलटं. तिथे पंपाने थेंब थेंब द्यायचा, तोही तापमान सांभाळून. घाई केली तर गाभ्यावर थर चढायच्या ऐवजी कॅडमियम सल्फाइडचे वेगळेच कण तयार होतात.

४. कवचाच्या जाडीइतकाच सांधाही महत्त्वाचा.
१९९६ मध्ये हाइन्स आणि गीयो-सिओने यांनी झिंक सल्फाइडच्या कवचाने चमक (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी परत मिळणाऱ्यांचं प्रमाण) ५० टक्क्यांपर्यंत नेली. पुढे जाड कवचं आली. जोड्यांना पसरायला जागा मिळाली, ऑजे मंदावला. पण गाभा जिथे संपतो आणि कवच सुरू होतं, तिथे रचना एकदम बदलत असेल तर ऑजेला बळ मिळतं. रचना हळूहळू बदलत नेली की ते ओसरतं. माझ्या मते आमच्या क्षेत्रातली सर्वांत मोलाची कारागिरी हीच आहे.

५. धुताना हात आखडता घ्या.
जादा रसायनं काढायला डॉट धुवावेच लागतात. पण प्रत्येक धुण्यात पृष्ठभागावरचे सेंद्रिय रेणू थोडे थोडे सुटतात आणि उघड्या पडलेल्या जागा प्रकाश गिळतात. २०१५ मध्ये झुरिकच्या कोवालेन्को यांच्या गटाने दाखवलेले सीझियम लेड ब्रोमाइडचे कण तर कवचाशिवायही ९० टक्क्यांपर्यंत चमक देतात. पण आयनी घडणीमुळे अल्कोहोलसारख्या ध्रुवीय द्रावकापुढे ते टिकत नाहीत. दर धुण्यानंतर चमक मोजा, मगच पुढचं धुणं.

६. लेझर हा शब्द जपून वापरा.
दंडगोल भिंगाने डॉटच्या फिल्मवर प्रकाशाची रेघ टाकायची आणि कडेने बाहेर येणारा वर्णपट पाहायचा. तीव्रता उंबरठा ओलांडते, तेव्हा तीसेक नॅनोमीटर रुंदीच्या ढिगातून काही नॅनोमीटरचं टोक वर येतं. तो क्षण सुंदर असतो. पण ते वर्धित उत्सर्जन आहे. लेझर म्हणायचं तर प्रकाश परतवणारी पोकळी हवी, दिशा असलेला झोत हवा.

७. विजेचा विचार पहिल्या दिवसापासून करा.
२०२३ मध्ये लॉस अलामॉसच्या गटाने प्रकाशाऐवजी विजेवर चालणारं वर्धित उत्सर्जन दाखवलं. सांधा मवाळ केलेले डॉट, उष्णता आवरण्यासाठी विजेचे लहान स्पंद आणि प्रकाश नीट वाहून नेणारी थरांची रचना, अशा सगळ्या बाजू जुळवाव्या लागल्या. म्हणून फ्लास्कशी उभ्या असलेल्या मुलांना मी सांगते, की डायोड बनवणाऱ्यांशी आजच बोला. त्यांना काय हवं ते कळलं, तर कवचाचा पुढचा थर कसा चढवायचा हेही कळेल.