नव्या बुरशीनाशकाची पारख

नवे बुरशीनाशक शेतकऱ्याच्या हाती येण्यापूर्वी त्यास अनेक कसोट्यांतून जावे लागते. त्या कसोट्या कोणत्या, व त्यानंतर शेतकऱ्याची जबाबदारी काय, हे द्राक्षबागायतदारांच्या परिचयाच्या अझॉक्सिस्ट्रोबिनच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

मूळ शोध : युरोपात पाइन वृक्षाच्या शंकूंवर एक लहानशी अळंबी उगवते. ती आपल्या शेजारी इतर बुरशी वाढू देत नाही. तिच्यातील रोधक द्रव्य टिम आन्के व वोल्फगांग श्टेग्लिश या जर्मन शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली वेगळे केले. त्यास स्ट्रोबिल्युरिन म्हणतात. ते बुरशीच्या पेशीतील श्वसनक्रिया बंद पाडते. परंतु हे द्रव्य उजेडात टिकत नाही; म्हणून काचपात्रात गुणकारी असूनही ते शेतात निरुपयोगी होते. तेव्हा रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा कार्यकारी भाग कायम ठेवला व उजेडात नासणारा भाग बदलून नवी संयुगे तयार केली. त्यांतून अझॉक्सिस्ट्रोबिन निवडले गेले व १९९६ साली विक्रीस आले.

निवडीच्या पायऱ्या : प्रथम कुंडीतील रोपांवर निरनिराळ्या मात्रांत औषध फवारून रोगाचे बीजाणू सोडतात व न फवारलेल्या रोपांशी तुलना करतात. नंतर पिकास इजा होते काय हे पाहतात. अझॉक्सिस्ट्रोबिनने सफरचंदाच्या काही जातींना इजा होते, हे अशा निरीक्षणांतूनच कळते. पुढे निरनिराळ्या ठिकाणी शेतातील चाचण्या होतात. शेवटी माणसे, जनावरे, मासे व मधमाश्या यांना असणारा धोका आणि फळांतील अवशेष तपासतात. भारतात १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये नोंदणी झाल्यावाचून असे औषध विकता येत नाही.

प्रतिकारशक्तीचा धोका : इतकी पारख झाली, तरी १९९८ सालीच जर्मनीत गव्हावरील भुरी या औषधास जुमानीनाशी झाली. हे औषध बुरशीच्या एकाच प्रथिनावर काम करते. त्या प्रथिनात किंचित फरक असलेली एखादी बुरशी फवाऱ्यातून वाचते, व तेच औषध पुनःपुन्हा मारल्यास तिचीच प्रजा वाढते. बोर्डो मिश्रण अनेक ठिकाणी आघात करीत असल्याने त्याबाबत हा धोका फार कमी असतो.

शेतकऱ्यांनी काय करावे :
१. लेबलावरील मात्रा कमीअधिक करू नये.
२. रोग बळावण्यापूर्वीच फवारावे.
३. लागोपाठ एकाच गटातील औषध वापरू नये. ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन व क्रेसॉक्झिम-मिथाइल ही अझॉक्सिस्ट्रोबिनच्याच गटातील होत. त्यांची आलटून-पालटून फवारणी म्हणजे औषध बदलणे नव्हे.
४. मध्यंतरी मॅन्कोझेबसारखे निराळ्या गटातील शिफारस केलेले औषध घ्यावे.

व्यापारी नावे निराळी असली, तरी आतील घटक एकच असू शकतो. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी डब्यावरील घटकाचे नाव वाचून दाखवावे. एकोणीस वर्षांच्या परिश्रमाने हाती आलेले साधन अवघ्या दोन वर्षांत एका रोगापुरते दुबळे झाले; आपल्या बागांत त्याची पुनरावृत्ती टाळणे बागायतदाराच्या हाती आहे.