संमती आणि सहभाग

जुन्या वस्तीत नवी घरे बांधायची ठरली की नगररचनेच्या नकाशावर तेवढा तुकडा वेगळ्या रंगाने रंगवला जातो. नकाशा पाहणाऱ्यास ती जागा मोकळी वाटते. प्रत्यक्षात तेथे माणसे राहत असतात. पाण्याची वेळ, भाजीवाल्याची जागा, शाळेची वाट, सणाचा मांडव, एकमेकांकडे ठेवलेली किल्ली, अशा कितीतरी गोष्टी तेथे रुजलेल्या असतात. शहराच्या वेशीवर नवी वसाहत वसवणे आणि भरवस्तीत नवी घरे बांधणे, या दोहोंतील खरा फरक हाच आहे. दुसऱ्या प्रकारात ज्यांच्या आयुष्यात बदल व्हायचा आहे, ती माणसे आधीपासूनच तेथे हजर असतात. मग त्यांना केव्हा आणि काय विचारायचे? या पाठात आपण या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

विचारण्याची तरतूद कायद्यात आहे. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार शहराची विकास योजना तयार झाली की तिचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि ठरावीक मुदतीत लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्या ऐकण्यासाठी नियोजन समिती नेमली जाते. तिच्यात महापालिकेच्या स्थायी समितीचे सदस्य असतात व बाहेरचे जाणकारही असतात. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने तर तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. ही दुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. कागदोपत्री पाहता नागरिकाच्या हाती काहीच नाही, असे म्हणता येणार नाही.

पण हरकत घेण्यासाठी आधी मसुदा समजावा लागतो. ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ हा एकच शब्द घ्या. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, एवढाच त्याचा अर्थ. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक दोन असेल तर एकूण दोन हजार चौरस मीटर बांधकाम होऊ शकते. अर्थ साधा आहे. परंतु आपल्या गल्लीत हा आकडा वाढला तर नळाचे पाणी, सांडपाणी आणि शाळेतील बाके यांचे काय होईल, हे मसुद्यातील तक्ता आपणहून सांगत नाही.

मुंबईच्या २०१४ ते २०३४ या काळासाठी आखलेल्या विकास योजनेची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. योजनेपूर्वी शहरातील जमिनीचा प्रत्यक्ष वापर दाखवणारे नकाशे तयार करण्यात आले. नागरिकांच्या गटांनी ते प्रभागवार तपासले तेव्हा त्यांत अनेक चुका आढळल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात काही स्थानकांच्या परिसरात निर्देशांक आठपर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता, आणि उभ्या वास्तूंवरून रस्ते नेल्याच्या तक्रारीही पुढे आल्या. हजारो हरकती दाखल झाल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने तपासून दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि योजना २०१८ च्या सप्टेंबरात लागू झाली. काहींच्या मते यात कालापव्यय झाला. मला मात्र वाटते, की उभ्या इमारतीवरून नकाशात रस्ता गेला असेल, तर ती चूक त्या इमारतीत राहणाऱ्याइतकी लवकर कोणालाच दिसणार नाही. त्याला आधीच विचारले असते, तर कदाचित वेळ वाचला असता.

ही झाली संपूर्ण शहराची योजना. एखादी चाळ किंवा इमारत पाडून नवी बांधायची असते तेव्हा लोकांना विचारण्याची रीत वेगळी असते. तेथे मागितली जाते ती संमती. मुंबईतील उपकरप्राप्त जुन्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी पूर्वी सत्तर टक्के रहिवाशांची संमती लागत असे. नव्या नियमावलीने हे प्रमाण एक्कावन्न टक्क्यांवर आणले. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी राज्य शासनाने २००९ मध्ये निर्देश काढले व २०१९ मध्ये ते सुधारले. विशेष सर्वसाधारण सभा, निबंधकांच्या प्राधिकृत अधिकाऱ्याची उपस्थिती आणि सभेचे चित्रीकरण या गोष्टी त्यांत आहेत. बंद दाराआड ठराव होऊ नयेत, यासाठी हे आवश्यकच होते.

तथापि संमती म्हणजे सहभाग नव्हे. संमतीपत्र पुढे येते तेव्हा आराखडा बहुधा तयार असतो. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणायचे उरते. शिवाय ती इमारतीच्या आतल्यांनाच विचारली जाते. समोरच्या इमारतीतील म्हातारीच्या खिडकीतले ऊन जाणार असेल, तर तिचे मत कोणत्या टक्केवारीत मोजायचे?

दिल्लीत २०१८ मध्ये हाच प्रश्न रस्त्यावर आला. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर अशा सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली होती. सुमारे तेरा हजार जुन्या घरांच्या जागी पंचवीस हजारांहून अधिक घरे बांधायची होती. घरे सरकारची आणि राहणारे सरकारी नोकर. तेव्हा मालकाच्या संमतीचा प्रश्नच नव्हता. परंतु त्यासाठी हजारो झाडे तोडली जाणार आहेत, हे कळताच शेजारपाजारचे नागरिक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. उच्च न्यायालयाने तोडीला स्थगिती दिली आणि पुढे झाडे वाचवण्यासाठी आराखड्यांत फेरबदल करण्याची वेळ आली. ज्यांना विचारण्याची कोणतीही जागा आराखड्यात नव्हती, त्यांनी ती आराखड्याबाहेर शोधली.

आता याहून निराळे उदाहरण पाहू. पुण्यातील येरवडा भागातील काही झोपडवस्त्यांत २००९ च्या सुमारास घरे जागच्या जागी नव्याने बांधण्याचे काम सुरू झाले. पैसा मुख्यतः जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाचा होता. राज्य शासन व महापालिकेचाही वाटा होता, आणि खर्चाचा दहा टक्के भाग कुटुंबाने उचलायचा होता. ‘महिला मिलन’ या वस्तीतील स्त्रियांच्या संघटनेने व ‘स्पार्क’ या संस्थेने काही वस्त्यांचे काम हाती घेतले. संपूर्ण वस्ती पाडायची नाही, हे प्रथम ठरले. पक्की घरे तशीच राहिली. कच्च्या घरांच्या जागी प्रत्येकी सुमारे दोनशे सत्तर चौरस फुटांची पक्की घरे उभी राहिली. गल्ल्या त्याच राहिल्या आणि शेजारही तोच राहिला.

कागदावरील नकाशा सर्वांना वाचता येत नाही, हे ओळखून घराची खऱ्या मापाची कापडी प्रतिकृती वस्तीतच उभारण्यात आली. तीत शिरून, हात पसरून, भांडी कोठे ठेवायची आणि जिना कोणीकडून घ्यायचा, हे बायकांनी स्वतः पाहिले. चौरस फूट म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. ज्यांची जागा फारच लहान होती, अशा काही शेजाऱ्यांनी जागा एकत्र करून सामाईक इमारत बांधण्यास मान्यता दिली. परस्परांवर विश्वास असल्याखेरीज असा व्यवहार होत नाही, आणि तो विश्वास कोणत्याही शासकीय आदेशाने निर्माण करता येत नाही. अडचणीही होत्याच. बांधकाम चालू असताना कुटुंबांना दुसरीकडे बिऱ्हाड करावे लागे. दहा टक्के रक्कम उभी करणे हातावर पोट असणाऱ्यास सोपे नव्हते. अरुंद गल्ल्यांतून सामान आणायचे, एकेक घर सुटे बांधायचे, त्यामुळे काम सावकाश चाले. एकाच साच्यातील उंच इमारत यापेक्षा झटपट उभी राहते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सहभागाची एक अवघड बाजूही आहे. सभेला येतात ते आधीपासून राहणारे लोक. जे अजून आले नाहीत, ज्यांना त्याच नव्या घरांत निवारा मिळायचा आहे, त्यांच्या वतीने सभेत कोणी बोलत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे एक कोटी चोवीस लाख लोकसंख्येपैकी बेचाळीस टक्क्यांच्या आसपास लोक झोपडपट्टीत राहत होते. अशा शहरात ‘आमच्या गल्लीत गर्दी नको’ ही हरकत ऐकताना ती पाण्याच्या खऱ्या काळजीतून आली आहे, की नवा शेजारी आपल्यासारखा नसेल या भीतीतून, हे पाहावेच लागते. पहिलीचे उत्तर जलवाहिनीच्या क्षमतेत शोधता येते. दुसरीला कितीही मते पडली तरी तिच्यामुळे कोणाचे घर अडावे, हे मला पटत नाही. भाडेकरूंची स्थिती याहून नाजूक असते. संस्थेच्या सभेत त्यांना मत नसते, आणि इमारत पाडायची ठरली की पहिल्यांदा घर सोडावे लागते ते त्यांनाच.

तुम्ही ज्या शहरात राहता, तेथील वर्तमानपत्रांत अधूनमधून बारीक अक्षरांत ‘जाहीर सूचना’ छापलेली असते. आरक्षणातील बदल, रस्त्याचे रुंदीकरण, भूखंडाचा बदललेला वापर असा काहीतरी मजकूर तिच्यात असतो आणि शेवटी हरकत नोंदवण्याची मुदत व कार्यालयाचा पत्ता असतो. अशी एक सूचना कापून वहीत चिकटवा. तिच्यात सांगितलेली जागा प्रत्यक्ष जाऊन पाहा. तेथे राहणाऱ्या किंवा दुकान चालवणाऱ्या दोघा-तिघांना, ही सूचना तुमच्या वाचनात आली का, असे विचारा आणि त्यांनी दिलेली उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.